शनिवारच्या निकालावरून लाइन कोच जोखू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संघ हरला की आधी प्रशिक्षकाला घरी पाठवा, बाकीचे नंतर बघू, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर वाचले. मी बरीच वर्षे अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड येथे राहतो. इथल्या नोटर डेम विद्यापीठाचा शनिवारचा फुटबॉल सामना असला की मैदानात सत्तर हजारांवर माणसे जमतात आणि संघ मागे पडला की त्यातली निम्मी तरी हेच ओरडत असतात. (फुटबॉल म्हणजे इथला, लांबट चेंडूचा. पायाचा संबंध फारसा नाही.) पहिली शिवी बहुतेक वेळा ‘ऑफेन्सिव्ह लाइन’च्या कोचला बसते.

ही लाइन म्हणजे पाच दांडगे गडी: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. सेंटर चेंडू मागे देतो, तेवढाच त्यांचा चेंडूशी संबंध. बाकी काम एकच, समोरच्याला अडवून ठेवायचे. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकायला वेळ मिळाला पाहिजे आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकला वाट. धावा, झेल, फेकी या सगळ्यांचे आकडे निघतात. या पाच जणांच्या नावावर अधिकृत आकडा जवळपास नसतोच. मग लोक ‘सॅक’ मोजतात, म्हणजे चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅक किती वेळा आडवा झाला ते.

मी पहिली तीन-चार वर्षे तेच मोजत होतो. पण क्वार्टरबॅक बावरून चेंडू धरून बसला तरी सॅक होते. मदतीला थांबायचे ते रनिंग बॅकने विसरले तरी होते. कबड्डीत साखळीतल्या एकाचा हात सुटला की चढाईवाला निसटतो आणि प्रेक्षक भलत्यालाच बोल लावतात, तसाच हा प्रकार. नेमके कोण चुकले हे कळायला चित्रफीत चार वेळा मागे-पुढे करावी लागते, आणि खेळी काय ठरली होती हेही माहीत असावे लागते. ते तर कोचच्या खोलीबाहेर कोणालाच माहीत नसते.

हॅरी हीस्टँड यांचेच बघा. 2012 ते 2017 ते इथे लाइन कोच होते. 2016 मध्ये संघाने बारापैकी आठ सामने गमावले. तेव्हा लाइनमध्ये क्वेंटन नेल्सन आणि माइक मॅकग्लिंची होते. पुढच्या वर्षी तेच दोघे, तोच मास्तर. संघाने दहा सामने जिंकले, देशातली सर्वोत्तम लाइन म्हणून पुरस्कार मिळाला आणि 2018 च्या व्यावसायिक निवडीत (व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात, ती) नेल्सन सहाव्या, तर मॅकग्लिंची नवव्या क्रमांकावर गेले. 2016 च्या निकालावरून हीस्टँडना काढले असते तर?

2022 मध्ये ते परत आले. पहिला सामना ओहायो स्टेट विद्यापीठाने जिंकला, दुसऱ्यात मार्शलसारख्या लहान विद्यापीठाने घरच्या मैदानावर 26-21 ने हरवले. त्या दिवशी माझ्या मागच्या रांगेतले एक आजोबा ‘म्हातारा संपला’ म्हणून टाहो फोडत होते. (स्वतः ऐंशीचे असावेत.) नोव्हेंबरात त्याच लाइनने तोवर अजिंक्य असलेल्या क्लेम्सन विद्यापीठासमोर धावणाऱ्यांना 263 यार्डांची वाट मोकळी करून दिली आणि सामना 35-14 असा जिंकला. सप्टेंबर ते नोव्हेंबर त्याच पोरांत काय फरक पडला, हे माझ्या मते कोचचे सगळ्यात खरे प्रगतिपुस्तक. आजोबा त्या दिवशी कोचबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

श्रेयाचा घोळही तितकाच. त्या लाइनमधला जो ऑल्ट 2024 च्या निवडीत पाचव्या क्रमांकावर गेला. तो शाळेत टाइट एंड (लाइनच्या कडेला राहून अडवणारा आणि चेंडू झेलणाराही गडी) म्हणून खेळायचा. कॉलेजात 2021 मध्ये जेफ क्विन, 2022 मध्ये हीस्टँड, 2023 मध्ये जो रुडॉल्फ असे तीन वर्षांत तीन कोच त्याला लाभले. शिवाय वडील जॉन ऑल्ट स्वतः कॅन्सस सिटीकडून व्यावसायिक फुटबॉलमध्ये टॅकल खेळलेले. आता ऑल्टला घडवले कोणी?

याचा अर्थ लाइन कोचला माफीच द्या असे नाही. चेंडू हलायच्या आधीच गडी पुढे सरकला की पाच यार्डांचा दंड बसतो. दर शनिवारी हेच होत असेल तर तो कोचचाच दोष. समोरच्या दोघांनी वाटा बदलल्या की गार्ड आणि टॅकलने आपापला माणूस एकमेकांकडे सोपवायचा असतो. ऑक्टोबर संपत आला तरी दोघेही एकाच्याच मागे जात असतील, तर सराव कच्चा आहे. अशा चुका वरच्या रांगेतूनही दिसतात.

आणि काढायचेच असेल तर खरे कारण सांगून काढावे. जो मूर 1988 मध्ये इथे लाइन कोच म्हणून आले आणि त्याच मोसमात नोटर डेम राष्ट्रीय विजेते ठरले. 1996 च्या मोसमानंतर नवे मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्ही यांनी त्यांना काढले. मूर तेव्हा 64 वर्षांचे होते. ते कोर्टात गेले. खेळाडूंशी त्यांची वागणूक बरोबर नव्हती, असा विद्यापीठाचा बचाव होता. वागणूक हा निकष मला पूर्ण मान्य आहे. विशीतल्या पोरांवर हात उगारणारा कोच कितीही जिंकून देवो, नको. पण 1998 मध्ये ज्युरीने कौल दिला तो मूर यांच्या बाजूने: कारण वय होते, आणि ते जाणूनबुजून केले होते. थकीत पगाराचे 42,935 डॉलर मंजूर झाले आणि कायद्यानुसार दुप्पट झाले.

मूर 2003 मध्ये वारले. 2015 पासून देशातल्या सर्वोत्तम लाइनला त्यांच्या नावाचा पुरस्कार मिळतो. तो एकट्या खेळाडूला देत नाहीत, अख्ख्या लाइनला देतात. करंडक साडेतीनशे किलोंहून जड आहे. 2017 मध्ये हीस्टँड यांच्या पोरांना मिळाला तो हाच, आणि ज्या विद्यापीठाने मूर यांना घरी पाठवले होते त्याच विद्यापीठात तो आला.

आपला,
एक वाचक
साउथ बेंड, इंडियाना (अमेरिका)