उभ्याने लिहिलेलं पत्र

कोथरूड, पुणे
रविवार दुपार

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

घरात फोन असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणणारच. पण फोनवर माझं वाक्य अर्धं होतं न होतं तोच बाबा, तुम्ही एखादं आसन सांगता. मग आई फोन ओढून घेते आणि विचारते, तेल लावलंस का? मी 'हो, बरंय आता' म्हणते आणि चिऊच्या शाळेचं काहीतरी काढते. म्हणून कागद. ओट्यावर वही ठेवून उभ्यानेच लिहिते आहे. मधे कुकर लावला, भाजी फोडणीला टाकली, तेव्हा एखादा हळदीचा डाग दिसला तर समजून घ्या.

आधी कबुली देऊन टाकते. गौरींना मी ऑडिटचं कारण सांगितलं ते खोटं होतं. ऑडिट जुलैमध्येच संपलं होतं. वाईपर्यंत मला बसवलं नसतं, एवढंच. आणि बाबांच्या पंचाहत्तरीला मी दिवसभर वाढत होते, पंगतीला बसलेच नाही, तेव्हा आत्या सगळ्यांना सांगत होती, 'पोर कामाला वाघ आहे'. आई मात्र रुसली, की शेवटच्या पंगतीलाही माझ्याशेजारी बसली नाहीस. आई, मी जिलबी स्वयंपाकघरात उभी राहून खाल्ली. तीन खाल्ल्या. जमिनीवर मांडी घालून बसले असते तर उठताना सगळ्यांसमोर रडले असते.

हे सगळं कुठून सुरू झालं, हा तुमचा नेहमीचा प्रश्न. पडलीस का, लचक भरली का, जड काही उचललंस का? नाही. दोन वर्षांपूर्वी कृष्णाबाईच्या उत्सवाहून परत येत होते. एसटीत खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होते. बोगदा ओलांडला आणि शिरवळ यायच्या आत उजव्या कुल्ल्याखाली, जिथे बसायचं हाड टेकतं तिथे, खडा ठेवल्यासारखं वाटलं. मी खरंच हात घालून सीट चाचपली. शेजारच्या आजी संशयाने बघायला लागल्या. खडा नव्हता. तो तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. दहा मिनिटं बसले की तापतो, वीस मिनिटांनी मांडीच्या मागून गुडघ्याच्या लवणीपर्यंत ओढ लागते, ओल्या सुंभाला पीळ घातल्यासारखी. उभी राहिले की हळूहळू सैल होतं. चालताना तर कित्येकदा काहीच नसतं. म्हणूनच लोकांना पटत नाही, 'आत्ता तर टणाटण चालत होतीस'.

डॉक्टरांचं थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला तुकड्या-तुकड्याने कळलंय. पहिल्यांनी मला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला आणि कंबरेचा एमआरआय सांगितला. त्यात शेवटच्या मणक्यापाशी गादी जराशी फुगलेली निघाली. आठवतंय ना, आपण किती हरखलो होतो? सापडलं एकदाचं! बाबांनी तर शेजारच्या काकांना रिपोर्ट वाचून दाखवला. पुढचे सहा महिने पट्टा, ट्रॅक्शन, गोळ्या, सगळं कंबरेसाठी. एका गोळीने तर अशी झापड यायची, की एकदा आमटीत दोनदा मीठ पडलं आणि तुमचे जावई एक शब्द न बोलता जेवले. कंबर मुळात दुखतच नव्हती, त्यामुळे ती बरी झाली म्हणायलाही जागा नव्हती.

दुसऱ्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट बाजूला सरकवला. म्हणाले, काहीही दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले तरी चाळिशीतल्या साधारण निम्म्यांच्या गाद्या अशाच फुगलेल्या दिसतात, विशीतल्याही ३० टक्क्यांच्या. मी घरी येऊन शोधलं, खरंच आहे. २०१५ साली अशा तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र करून कुणीतरी हे मोजलंय. ऐंशीच्या लोकांत ते ८४ टक्के होतं. म्हणजे बाबा, तुमची गादी बहुधा माझ्यापेक्षा फुगलेली असेल आणि तुम्ही रोज घाटावर फिरून येता.

मग कुल्ल्याचा आणि मांडीचा एमआरआय झाला. तो स्वच्छ. रक्त तपासलं, ड जीवनसत्त्व थोडं कमी निघालं, ते भरून झालं, दुखणं होतं तिथेच. त्या दिवशी मी पार्किंगमधून तुम्हाला फोन केला होता. बाबा म्हणाले, 'चला, काही निघालं नाही, देव पावला.' मागून आई म्हणाली, 'साखर ठेवते गणपतीपुढे.' मी हो हो म्हणाले, फोन ठेवला आणि स्कूटरला टेकून हमसून हमसून रडले. वॉचमनने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं कुणीतरी गेलं. आता त्याला काय सांगणार, की रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून रडते आहे?

राग तुमचा आला नव्हता. पण त्या दिवशी मला काहीतरी निघायला हवं होतं. ज्याला नाव आहे त्याला औषध आहे, रजा आहे, लोकांचं 'अरेरे' आहे. नॉर्मल रिपोर्ट घेऊन ऑफिसात उभ्याने काम करायला लागलं की लोक हसतात. त्यानंतरच्या एका डॉक्टरांनी तर रिपोर्टाकडे आणि मग माझ्या मंगळसूत्राकडे बघून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? ताण असतो हो बायकांना. ताण होताच. बसता येत नसल्याचा.

आता जे मिळालंय ते. मार्चपासून मी एका फिजिओथेरपिस्टकडे जाते, तिशीतली मुलगी आहे. तिने पहिला पाऊण तास नुसतं ऐकलं. मी उभीच होते, तर तीही उभी राहिली. मग तिने चित्र काढून दाखवलं. मांडीच्या मागे तीन स्नायू असतात आणि वर ते जाड दोरीसारखे होऊन बसायच्या हाडाला चिकटतात. सायटिकाची बोटाएवढी जाड नस त्याच्या अगदी शेजारून खाली उतरते. इतकी दाटी, की दुखणं दोरीचं, नसेचं की आणखी कशाचं, हे बाहेरून छातीठोक सांगता येत नाही. ती स्वतःच म्हणाली, 'मला दोरीचा संशय आहे, पण तुमच्या एमआरआयमध्ये ती चांगली दिसते. तेव्हा मी नाव देत नाही, काम सुरू करू.' मला ती तिथेच आवडली. तिने हेही सांगितलं, की तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्यात कधी कधी मूळ कारण विझलेलं असतं आणि नसा मात्र बोंब मारत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या, अशा दुखण्याला स्वतःचा आजार म्हणून जागा आहे. म्हणजे नाटक नाही.

बाबा, पुढचं वाचून रागावू नका. तिने सगळ्यात आधी पश्चिमोत्तानासन बंद करायला लावलं. तुमच्या सांगण्यावरून मी आठ महिने ते रोज करत होते, सकाळ-संध्याकाळ, दात-ओठ खाऊन. आखडलंय म्हणजे ताणायचं, हा हिशेब मलाही बरोबरच वाटायचा. पण पाय लांब करून पुढे वाकलं की ती दोरी नेमकी त्या हाडावर घट्ट दाबली जाते. दुखऱ्या दोरीला तो दाब सोसत नाही. ताणल्यावर तासभर हलकं वाटतं आणि रात्री वसुली होते. माझं अगदी असंच व्हायचं. आसन वाईट नाही, तुम्ही पन्नास वर्षं करताय ते चालू ठेवा, फक्त माझ्या पायाला ते सध्या नको.

त्याऐवजी आता मला जोर लावायचा असतो. उताणं पडून गुडघे वाकवायचे, टाचा जमिनीत रोवून कंबर उचलायची आणि ४५ सेकंद धरायची, असं पाच वेळा. ते जमल्यावर एका पायाने. आता तर चिऊच्या जुन्या दप्तरात आठ किलो तांदूळ भरलेत. ते छातीशी धरून मी कंबरेत वाकते, थोडंसंच, आणि सावकाश सरळ होते. आंबेमोहोर नाही आई, रेशनचा आहे. नियम एकच: करताना थोडं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखता कामा नये. जास्त दुखलं तर वजन कमी करायचं.

त्यासाठी रोज सकाळी दहापैकी किती दुखतंय तो आकडा लिहायचा असतो. मी तो कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाच्या खाली लिहायला लागले. महिनाअखेरीला तुमचे जावई बिल करायला बसले आणि ओरडले, 'मंगळवारी सात लिटर दूध?' त्या मंगळवारी खरंच सात होतं. आता बहुतेक चौकटींत तीन नाहीतर चार असतं. गेल्या गुरुवारी दोन होतं, त्याच्याभोवती चिऊने स्केचपेनने फूल काढलंय. आणि बसणं पस्तीस मिनिटांवर आलंय. मधे भोक असलेली गादी नेली तर चाळीस. ऑफिसात आता माझं टेबल उंच करून मिळालंय, खाली चार विटा लावून. विटा शिपाईकाकांनी कुठून आणल्या हे मी विचारलेलं नाही.

पूर्ण जाईल का, हे तिनेही सांगितलेलं नाही. बाबा, तुम्ही वर्गात म्हणायचात, रीत दाखवल्याशिवाय उत्तराला मार्क नाहीत. इथे थोडं उत्तर आलंय आणि रीत कुणालाच मांडता येत नाहीये. मला मार्क द्या. आणि एवढं एक ऐका, की आता नवीन डॉक्टर, नवीन वैद्य, साताऱ्याचा तो हाडं बसवणारा, कुणीही शोधू नका. दादालाही तसं सांगा. दर नव्या माणसाकडे मी पहिल्यापासून सगळी कहाणी सांगते, तो नवीन नाव देतो आणि मी पुन्हा आशेला लागते. त्याने पायापेक्षा जास्त थकवा येतो. फोनवर विचारायचं झालं तर 'कारण कळलं का' असं नको, 'आज चौकटीत किती' एवढंच विचारा.

आई, तुझं तेल मात्र थांबवू नको म्हणायचं मनात होतं, पण दोन बाटल्या शिल्लक आहेत. त्याने कारण जात नसेल, पण तुमचे जावई रात्री दहा मिनिटं चोळून देतात आणि त्या वासाने मला वाईतल्या माडीवरच्या खोलीसारखी झोप लागते.

आता मुद्द्याचं. पुढच्या शनिवारी आम्ही येतोय. एसटीने नाही, गाडीने. मी मागच्या सीटवर कुशीवर पडेन. खेड शिवापूर, शिरवळ आणि सुरूरला थांबू, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं चालायचं. म्हणजे दोन-अडीच तासांचे तीन होतील, तेव्हा बाबांनी अकरापासून फाटकात उभं राहू नये. जेवण मी उभ्यानेच करेन, मला पाट मांडू नका आणि 'बस गं जरा' असंही म्हणू नका. रात्री माडीवर नको, पुढच्या खोलीत जमिनीवर गादी टाका, म्हणजे आई आणि मी पडल्या पडल्या बोलत बसू. बसू म्हणजे पडून.

चिऊला घाटावर पोहायला न्यायचं तिने बाबांकडून कबूल करून घेतलंय म्हणे. पाणी किती आहे ते आधी बघा.

तुमची,
मनू

ता. क. आई, पोळ्या लाटताना तू ओट्याखाली एक तेलाचा डबा पालथा घालून त्यावर डावा पाय ठेवायचीस. मी लहानपणी त्यावर चढून बसायचे आणि तू मला हाकलायचीस. परवा त्या मुलीने मला उभ्याने काम करताना पायाखाली काहीतरी ठेवून पाय आलटूनपालटून टेकवायला सांगितलं, तेव्हा तो डबा आठवला. तुझी कंबर तेव्हापासून दुखते का गं? भेटल्यावर सांग. आणि डबा भंगारात दिला नसेल तर ठेव, शनिवारी मला लागेल.