साहेब, अमेरिकेच्या टॅरिफचं बिल माझ्या कापसाच्या गाडीवर का फाडलं?

प्रति,
मा. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्री, नवी दिल्ली

सादर नमस्कार साहेब.

मी यवतमाळ जिल्ह्यातला पाच एकरवाला कोरडवाहू कास्तकार. पत्र लिहायची सवय नाही, मोबाईलवर टाईप करतोय, चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. लिहिणारही नव्हतो, पण गेल्या गुरुवारी, 11 डिसेंबर 2025 ला, आमच्या तालुक्याच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर जे झालं तेव्हापासून झोप नाही. बायको म्हणते लिहून काय होते, कोण वाचते. वाचा नाहीतर नका वाचू, मी लिहितोच.

स्लॉट मिळायला मला एक महिना लागला. आधी अॅपवर नोंदणी, त्याला सातबारा पाहिजे, ई-पीक पाहणी पाहिजे, आधार पाहिजे, आणि माझं वावर अजून निम्मं बाबांच्या नावानं, बाबा जाऊन तीन वर्षं झाली, वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे चपला झिजवल्या तेव्हा कुठं ते काम झालं. शेवटी पुतण्यानं पुण्याहून फोनवर ओटीपी विचारून विचारून नोंदणी करून दिली. 11 तारखेचा स्लॉट आला तेव्हा घरात बरं वाटलं सगळ्यांना. 10 तारखेला संध्याकाळी 11 क्विंटल कापूस पिकअपमध्ये भरला आणि रात्री नऊलाच लाईनमध्ये गाडी लावली, कारण सकाळी येणाऱ्याचा नंबर लागत नाही हे सगळे सांगतात. यंदाची थंडी तुम्हाला माहीत नसेल, रात्रभर हातपाय अखडले. ताडपत्री होती पण तिला दोन भोकं, आणि दव असं पडलं की पहाटे ताडपत्रीवरून पाणी ओघळत होतं.

सकाळी साडेसातला कापसाची प्रत तपासणारा ग्रेडर आला. त्यानं कडेच्याच कापसात ओलावा मोजायच्या मशीनची सळई खुपसली. लाल आकडे फिरले फिरले आणि 13.6 वर थांबले. बारा टक्के ओलाव्यापर्यंतच घेता येते, घेऊन जा म्हणे. मी म्हटलं साहेब रात्रभर तुमच्याच गेटसमोर उभा आहे, दव पडलं, दुपारपर्यंत उन्हात पसरवतो, परत मोजा, नाहीतर मधातला कापूस मोजा, मधात कोरडा आहे. तर म्हणे तुमचा स्लॉट गेला, आता नवीन घ्या. हात जोडले मी त्या पोराला, वयानं माझ्या लेकाएवढा असेल. नवीन स्लॉट आला 29 डिसेंबरचा.

पिकअपवाल्याचे 2,500 ठरले होते, थांबायचे वेगळे. परत घरी न्यायचा तर पुन्हा भाडं. रोडच्या पलीकडे व्यापारी बसला होता, त्यानं मूठभर कापूस उपसला, दोन बोटांत चिवडला, मशीन नाही काही नाही, 6,700 म्हणाला. दिला. लांब धाग्याचा हमीभाव यंदा 8,110 आहे साहेब, तुमच्याच सरकारनं जाहीर केलेला. क्विंटलमागे 1,410 रुपये, अकरा क्विंटलचे 15,510 रुपये त्या लाल आकड्यापायी गेले. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, 8 ते 12 मध्ये कपात आणि 12 च्या वर परत, हा नियम मला मान्य आहे, ओला कापूस कोणी घेऊ नये. पण गाडी उघड्यावर रात्रभर उभी करून पहाटेच्या दवात मोजायची हा कोणता नियम? शेड बांधायला काय लागते?

आता तुम्ही म्हणाल हा एका केंद्राचा प्रश्न आहे, खाली कळवा. मग वरचा प्रश्न विचारतो. बाहेर व्यापारी 6,700 च का म्हणतो? हमीभावापेक्षा इतका खाली का जातो?

यंदा 15 ऑगस्टला पंतप्रधान लाल किल्ल्यावरून बोलले की शेतकऱ्याच्या हिताआड येणाऱ्या कोणत्याही धोरणापुढं मी भिंतीसारखा उभा आहे. आम्ही टीव्हीवर ऐकलं, माझ्या आईनं तर टीव्हीलाच नमस्कार केला. आणि 19 ऑगस्टपासून परदेशी कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी माफ! चार दिवसांत! पोळा तोंडावर, बैलांचा साज घ्यायला बाजारात गेलो तर तिथं सगळीकडे हीच चर्चा. आधी 30 सप्टेंबरपर्यंत म्हणाले. मग 27 ऑगस्टला आपल्या मालावर ट्रम्पचं 50 टक्के टॅरिफ, म्हणजे तिकडचा आयात कर, लागलं आणि दुसऱ्याच दिवशी मुदत वाढवून थेट 31 डिसेंबर केली. साहेब, आमचा कापूस घरात येतो ऑक्टोबर ते डिसेंबर. कर्जवाले, दुकानवाले दारात येतात तेही ऑक्टोबर ते डिसेंबर. बरोबर तेवढ्याच दिवसांसाठी दरवाजा उघडा ठेवला. हे ज्यानं ठरवलं त्याला कापूस कधी फुटतो हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

हीच ड्युटी 2021 च्या बजेटमध्ये लावली तेव्हा शेतकऱ्यांच्या फायद्यासाठी लावतो असं संसदेत सांगितलं होतं. 2022 मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला, आयुष्यात एकदा कास्तकाराच्या हातात पैसा दिसला, तेव्हा एप्रिलमध्ये ड्युटी काढली, कारण काय तर भाव वाढले. यंदा भाव हमीभावाच्या खाली, तरी काढली, कारण काय तर मिलवाल्यांना टॅरिफचा फटका बसला. भाव चढला तरी आमच्यावर, पडला तरी आमच्यावर.

टॅरिफचं तर मला कोणी समजावूनच सांगा. निम्मं टॅरिफ, म्हणजे 25 टक्के, रशियाचं तेल घेतलं म्हणून लावलं असं अमेरिका म्हणते. रशियाचं तेल मी घेतलं का? स्वस्त तेल आलं असेल तर ते माझ्यापर्यंत आलं नाही, आमच्याकडे डिझेल नव्वदच्या वरच आहे, रोटाव्हेटरवाला एकरी भाडं कमी करत नाही. तेलाचा नफा ज्यांना झाला ते वेगळे, टॅरिफ बसलं कपड्यावर, आणि भरपाई घेतली कापूसवाल्याकडून. दोन सांड वावरात भिडले की पऱ्हाटी, कापसाचं झाड, मोडते ती कास्तकाराची, सांडाचं काय जाते.

माझं तिकडच्या टेक्सासच्या शेतकऱ्याशी भांडण नाही, तोही घाम गाळत असेल. पण त्याच्यामागं कोण उभं आहे ते बघा. टॅरिफच्या भांडणात तिकडच्या शेतकऱ्यांचं नुकसान झालं तर याच महिन्यात ट्रम्पनं त्यांना 12 अब्ज डॉलर जाहीर केले. डॉलर आता नव्वद रुपयांवर, करा हिशोब, एक लाख कोटींच्या वर जातात. आणि हे आजचं नाही. अमेरिका कापसाला एवढी सबसिडी देते की ब्राझीलनं त्यांना जागतिक व्यापार संघटनेत, डब्ल्यूटीओत, खेचलं, जिंकलं, आणि 2014 मध्ये अमेरिकेनं ब्राझीलला 300 दशलक्ष डॉलर मोजले. आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली, हे चार गरीब देश 2003 पासून ओरडत आहेत की तुमच्या सबसिडीनं आमचा शेतकरी मेला. त्यांची हिंमत झाली ओरडायची. आपण मोठी अर्थव्यवस्था म्हणवतो, आणि सबसिडीवर पिकलेला तोच कापूस बंदरावर बिनाड्युटीचा उतरवतो. ज्याच्या पाठीशी त्याचं सरकार आणि ज्याच्या पाठीवर त्याचं सरकार, त्या दोघांची कुस्ती लावली तुम्ही.

मिलवाल्यांना वाचवू नका असं मी म्हणत नाही. तिरुपूरला, सुरतला मजूर बेकार झाले तर तेही आमच्यासारखेच गरीब आहेत. वाचवा, पण तिजोरीतून वाचवा, व्याजात सूट द्या, मजुरांना पैसे द्या, माझ्या खिशातून का?

माझा हिशोब सांगतो, कोणीही येऊन वही बघावी. बीटी बियाण्याची एक बॅग 901 रुपये, एकरी दोन लागतात. डीएपी खताची बॅग 1,350 ची, ती तरी सरळ मिळते का, सोबत दुसरी नको ती पुडकी घ्यावी लागतात तेव्हा देतो दुकानदार. नांगरटी, डवरणी, निंदण, सहा फवारण्या, वेचणी, सगळं धरून एकरी 27 हजार गेले, पाच एकराचे 1 लाख 35 हजार. यंदा ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसानं खालची बोंडं सडली, एकरी आठ क्विंटल व्हायचा तिथं चार झाला. वीस क्विंटल. 6,700 नं विकला तर 1 लाख 34 हजार. म्हणजे वर्षभर राबून मी हजार रुपये घरातून घातले. माझी, बायकोची, म्हाताऱ्या आईची मजुरी धरलीच नाही यात.

वेचणीला यंदा बाया मिळाल्या नाहीत, किलोला बारा रुपये देऊनही नाही, म्हणून निम्मा कापूस बायकोनंच वेचला. वाळलेल्या बोंडाच्या पाकळीला टोक असते साहेब, सुईसारखं. दिवसातून हजार वेळा बोट त्याच्यात जाते. तिच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या नखाजवळ चिरा पडल्या, रात्री ती त्यात कोमट खोबरेल तेल सोडते आणि चिंधी बांधून झोपते, सकाळी भाकरी थापताना मीठ लागलं की हात मागं घेते. त्या बोटांनी वेचलेला कापूस तो. सीतादही करून, वावरात दही शिंपडून पहिली वेचणी केली होती आम्ही. लेक अमरावतीला नर्सिंगला आहे, तिची दुसरी फी 15 डिसेंबरपर्यंत भरायची होती. आज 15 आहे. त्या 15,510 मध्ये ती भरली गेली असती. तिला अजून फोन केला नाही, काय सांगू.

तुमच्या खात्याचं ते पाच एफचं सूत्र मी ऐकलं आहे, फार्म, फायबर, फॅक्टरी, फॅशन, फॉरेन. 20 सप्टेंबर 2024 ला वर्ध्यात कार्यक्रम झाला, अमरावतीच्या टेक्सटाईल पार्कचं भूमिपूजन झालं, आमच्या गावातूनही माणसं नेली होती. त्यात पहिला एफ फार्म आहे ना? मग फॉरेनचा एफ आमच्या डोक्यावर कसा येऊन बसला?

आणि हे फक्त तुमच्या एकट्याला म्हणत नाही. आम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलं आहे. 2006 मध्ये मनमोहनसिंग आले, विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना 3,750 कोटींचं पॅकेज दिलं, किती जणांच्या दारी काय आलं ते आम्ही पाहिलं. मार्च 2014 मध्ये आमच्याच जिल्ह्यात दाभडीला मोदींची चाय पे चर्चा झाली, खर्चावर पन्नास टक्के नफा देऊ म्हणाले. मी तेव्हा तरणा होतो, टाळ्या वाजवल्या, मत दिलं. आता म्हणतात दिला की दीडपट. कोणत्या खर्चाच्या दीडपट? घरच्या जमिनीचं भाडं नाही धरत, घरच्या भांडवलाचं व्याज नाही धरत, आणि जो भाव निघतो तोही केंद्राच्या गेटबाहेर मिळत नाही. 2024 ला विधानसभेच्या वेळी महायुतीच्या जाहीरनाम्यात कर्जमाफी होती, मत घेतलं, मार्च 2025 मध्ये सांगितलं 31 तारखेच्या आत कर्ज भरा. ऑक्टोबरमध्ये लोक ट्रॅक्टर घेऊन नागपूरच्या हायवेवर बसले तेव्हा कुठं कर्जमाफीसाठी 30 जून 2026 ही तारीख दिली. काल नागपूरचं अधिवेशन संपलं, सात दिवसांचं. 1953 च्या नागपूर कराराच्या नावानं विदर्भाचं अधिवेशन म्हणवतात, त्यात विदर्भाच्या वाट्याला किती तास आले? हुरडा पार्ट्या झाल्या, गाड्यांचे ताफे आमच्या रोडवरून गेले. एक गाडी खरेदी केंद्रासमोर थांबली नाही.

सगळ्या पक्षांचे लोक कापसाची माळ गळ्यात घालून फोटो काढतात. पंधरा दिवसांनी माळ कुठं असते?

मागणी मोठी नाही माझी. 31 डिसेंबरला ड्युटीमाफीची मुदत संपते, ती एका दिवसानंही वाढवू नका. आणि पुढच्या वर्षी काढायचीच झाली तर आमचा कापूस विकून झाल्यावर काढा. खरेदी 1 ऑक्टोबरला सुरू करा, केंद्रावर शेड बांधा, ज्याचा माल ओलाव्यात नापास झाला त्याला त्याच दिवशी दुपारी परत मोजून द्या. यंदा ज्यांनी स्लॉट असूनही बाहेर पडत्या भावात विकला त्यांच्या पावत्या बघून फरक खात्यात टाका. माझी पावती तर कच्ची आहे, व्यापाऱ्यानं चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, तीच जपून ठेवली आहे.

उरलेला नऊ क्विंटल पडवीत पडला आहे, त्यातच आम्ही झोपतो, अंगाला खाज सुटते, पोरं खोकतात. 29 तारखेला तोच माल घेऊन मी पुन्हा त्याच लाईनमध्ये आहे, 28 च्या रात्री नऊपासून. तुम्ही या साहेब, खरंच या. पहाटे सहाला एकदा मशीन लावा आणि दुपारी एकला त्याच कापसात पुन्हा लावा. चहा मी पाजतो.

आपला,
एक कास्तकार, जि. यवतमाळ
15 डिसेंबर 2025