आईनं बंद केलेलं बटण

लातूर,
कोजागिरी

प्रिय सुन्या,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालत असशील, घाल. सासऱ्यांचं बायपास झालं, त्यासाठी आम्ही दोघं चाळीस दिवस हैदराबादला होतो. आता ते बरे आहेत, जिना चढतात. माझी शुगर आहे तिथंच आहे.

आता ऐक. दसऱ्याला आपली गाडी सुरू झाली नाही.

झेंडूचा हार घातला होता, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. आई ओवाळणीचं ताट घेऊन उभी. चावी फिरवली तर डॅशबोर्डवरचे दिवे एकदा मिणमिणले आणि आतून टक्-टक्-टक्-टक्. औंढ्याहून येताना त्या रात्री ऐकला होता ना आपण, तोच आवाज. लिंबू तसंच राहिलं चाकाखाली.

मल्टिमीटर लावला, १०.४ व्होल्ट. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ दाखवते. १२.४ झाली तरी मला चैन पडत नाही, आणि ही १०.४! पण चार्जर तर मी स्वतः लावून गेलो होतो. तो साधा चार्जर नाही. बॅटरी भरली की आपोआप साडेतेराच्या आसपास व्होल्ट धरून ठेवतो, जास्त पाजत नाही, कमी पडू देत नाही. महिनोन् महिने लावून ठेवला तरी चालतो, म्हणूनच घेतला. वायर धरून भिंतीच्या कडेनं मागं मागं गेलो. बोर्डावरचं बटण बंद.

आई म्हणाली, "म्या बंद केलं ते. तुम्ही गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. येवढासा हिरवा दिवा उगं रातंदिवस कामून जळायलाय? गाडी तर झोपलेली."

आणि सुन्या, मी तिच्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर, सणाच्या दिवशी. "कळत नाही तर हात कशाला लावतेस" असं म्हणालो. ती काही बोलली नाही. ताट ओट्यावर ठेवलं आणि आत गेली. संध्याकाळी सोनं द्यायला गेलो, पाया पडलो. तिनं डोक्यावर हात ठेवला, पण "सोन्यासारखा राहा" म्हणाली नाही. दरवर्षी म्हणते.

हे मी दुसऱ्या कुणाला सांगू? बायको म्हणते, बॅटरीच आहे, नवी आण. तिचं खरं आहे. पण ही गाडी कशी आली, तिच्यासाठी तू कोणाशी भांडलास, आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री दोन वाजता तुला धपाटे कोणी करून घातले, हे तुला माहिती आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा याच बाईनं भांड्यांचं पाणी झाडांना, अंघोळीचं पाणी संडासाला असं वर्ष काढलं. आपण एवढी धडपड करून आणलेली गाडी त्या उन्हाळ्यात मी एकदाही धुतली नाही, कोरड्या फडक्यानं पुसली, ते तिच्याच धाकानं. मग तिला रात्रभर जळणारा दिवा खुपणारच. तो चार्जर महिन्याला जेमतेम तीन युनिट खातो, पण हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. चूक तिथं आहे.

दुसरं असं की गाडी झोपलेली नसते. आणि इथं तुझं नाव येतं. तो अलार्म! मी तेव्हाच नको म्हणत होतो. फायबरची बॉडी, दोन सीट, लातुरात अशी दुसरी नाही, चोरून नेणार कुठं? पण साहेबांना लांबून टुकटुक वाजवायचं होतं. परवा निगेटिव्हची वायर सोडवून मध्ये मीटर लावला. गाडी बंद, दारं बंद, तरी ४८ मिलिअँपिअर. अलार्मचा फ्यूज काढला तर ११. म्हणजे तुझा अलार्म दिवसाला जवळपास १ अँपिअर-अवर गिळतो. आपली बॅटरी ३५ ची. चाळीस दिवसांत काय राहणार? त्यात पत्र्याच्या शेडखालची उष्णता. तू टोरंटोला जाऊन मला सांगायला लागलास की थंडीनं बॅटऱ्या मरतात. थंडीत दम कमी पडतो, कबूल. पण आतून मारतं ते ऊन. उष्णता जितकी जास्त तितकी बॅटरी आपसूक लवकर उतरते आणि आतल्या प्लेटाही लवकर जातात. आपल्याकडचा मे महिना झेलून जी दुबळी होते, तीच पुढं थंडीत उघडी पडते. या एका गोष्टीत मी बरोबर होतो, लेका.

गंजगोलाईच्या पलीकडे आपला तो बॅटरीवाला आहे ना, त्याच्याकडे नेली. त्यानं घाई केली नाही. रात्रभर ३ अँपिअरवर हळूहळू लावली. सकाळी सहाही बुचं काढून एकेका सेलमध्ये हायड्रोमीटर घातला, ॲसिडचा दाटपणा मोजायला. काचेच्या नळीत ॲसिड वर चढायचं, आतला तरंगणारा काटा थरथरत थांबायचा आणि तो पुटपुटायचा, "बाराशे पन्नास... बाराशे पन्नास... बाराशे साठ..." पाचव्या सेलला नळी डोळ्यांजवळ नेली, परत घातली. "अकराशे पन्नास. सेल बसला, भाऊ." उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, आधी मऊ असतं, चार्जिंगनं निघतं. आठवडे गेले की खड्यासारखं घट्ट होतं, मग कितीही पाजा, घेत नाही. मला हे पाठ आहे आणि तरी तिथं उभा राहून मी त्याला विचारलं, काही होईल का.

तुझे काका दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू करून बंद करायचे, आठवतं? त्यावरूनही आपण भांडलो होतो. उभ्या उभ्या पाच मिनिटांत बॅटरी काही भरत नाही. मी दर पंधरवड्याला औशापर्यंत जाऊन यायचो, साधारण चाळीस किलोमीटर. तेवढ्यानं बॅटरी भरते, सायलेन्सरमधलं पाणीही वाळतं. गेल्या वर्षी मात्र गुडघ्यामुळं ते सुटलं आणि मी सगळं चार्जरवर सोडलं.

नवी बॅटरी आणली आहे, अजून बसवली नाही. टर्मिनलवरची पांढरी बुरशी सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली, व्हॅसलीन काढून ठेवलं आहे. चॅसीवरचा अर्थिंगचा बोल्ट घासला, कारण फायबरमधून करंट परत येत नाही, सगळा भार त्या एका वायरवर. आणि हो, निगेटिव्ह आधी काढली. तुझ्या बोटावरचा तो डाग अजून आहे का?

तुझं नवीन घर झालं म्हणे, अभिनंदन. चिन्मयीला कॉलेज मिळालं का? वहिनींना नमस्कार.

काल सकाळी आई शेडमध्ये आली. रिकाम्या जागी लोंबणाऱ्या वायरी बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मला काय म्हाईत, लेकरा, झोपेत बी खाती म्हणून." मी पाना हातात धरून उभा. माफी मागायची होती, "असू दे, आई" एवढंच निघालं. आज रात्री आटवलेलं दूध गच्चीवर नेऊ तेव्हा बोलतो. तूही रविवारी फोन कर तिला, माझ्या फोनवर नको, तिच्या.

आई शेडमध्ये आली की बॅटरी बसवीन, चार्जरचं बटण तिच्याच हातानं चालू करायचं ठरवलंय. अलार्म काढून टाकू का? पैसे तुझे होते, म्हणून विचारतो. लवकर कळव.

तुझा,
नंदू