अंगणवाडीत एक वाफा हवाच

महोदय,

आमच्या वाड्यावरच्या अंगणवाडीचे अंगण पेव्हर ब्लॉक घालून चकाचक झाले. चिखल गेला, तशी मुलांच्या हाताला लागणारी मातीही गेली. केंद्राच्या २०१८च्या पोषण अभियानात अंगणवाड्यांतून परसबागेचा आग्रह धरला जातो. इथे तुळशीपुरतीही जागा उरलेली नाही.

तांबड्या भाजीचे (लाल माठाचे) बी मोहरीपेक्षा बारीक. ते कोरड्या वाळूत मिसळून चिमटीने पेरावे लागते. चार वर्षांच्या मुलाच्या बोटांना याहून चांगला व्यायाम कोणता? पुढे पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते. शिवाय महिन्याभरात भाजी काढायला येते, म्हणजे तेवढी वाट बघायला मूलही शिकते. माझी नात ताटातली भाजी बाजूला सारते, पण परसातल्या वाफ्यातली, स्वतः पाणी घातलेली, मागून खाते. (ओले खोबरे जरा जास्त घालावे लागते, ते सोडा.) लहानपणापासून मोबाइलला चिकटलेल्या मुलांना मातीत तासभर रमलेले बघून आईबापही निवांत होतात.

मात्र हे काम सेविकेच्या गळ्यात मारू नये. तिला पोषणाच्या नोंदी, लसीकरण, सर्वेक्षण यांतूनच उसंत नसते. पंचायतीने पावसाआधी चार ब्लॉक उखडून वाफा करून द्यावा, नाहीतर जुन्या बादल्यांत माती भरून द्यावी. अळसांदे (आपली चवळी), भेंडी, दोडकी सहज येतील. चतुर्थीला गणपतीवर फळाभाज्यांची माटोळी बांधतो, तिला मुलांच्या हातचे दोडके बांधता येईल. सुटीच्या दिवशीचे पाणी आम्ही आजी-आजोबा बघू.

– एक आजी, डिचोली