समाज मंदिरात वर्ग भरवणाऱ्या ताईंचे जाहीर आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही पुण्याला निघालात तेव्हा कापूस वेचणी सुरू होती. निम्मं गाव वावरात, त्यामुळे निरोप धड झालाच नाही. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव लहान. समाज मंदिर उघडायचं ते लग्नाच्या पंगतीला, नाहीतर मतदानाला. तुम्ही सरपंचांकडून किल्ली मागितली, जुने लॅपटॉप दुरुस्त करून आणले आणि दर रविवारी वर्ग सुरू केला. पहिल्याच दिवशी सांगितलंत, माउस आधी पोरीच्या हातात. पोरांनी कुरकुर केली, काही बापांनीही केली, पण तुम्ही नियम सोडला नाही. ताई, यासाठी तुमचे उपकार मोठे आहेत. इथे घरात मोबाइल एकच असतो आणि तो भावाकडे असतो.

लाईन गेली तरी वर्ग सुटायचा नाही. फरशीवर खडूनं चौकटी आखून एकाला रोबो करायचात. बाकीचे चिठ्ठ्यांवर लिहायचे, ‘दोन पावलं पुढे, उजवीकडे वळ’. रोबो भलतीकडे गेला तर चुकलेली चिठ्ठी शोधायची, पोराला रागवायचं नाही.

माझी मुलगी आठवीत आहे. तुमच्या सांगण्यावरून ती रोज सकाळी पऱ्हाटीतल्या कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारा सापळा) गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायची आणि रविवारी एक्सेलमध्ये भरायची. सलग 3 रात्री सापळ्यात 8 किंवा जास्त पतंग आले, तर फवारणीचा विचार करायचा, हे तुम्हीच समजावलेलं. आलेखात 8 वर तिनं लाल रेषा मारली होती. दुकानदारानं सांगितलं म्हणून तिचे बाबा पंप भरायला निघाले, तर ही म्हणाली, “बाबा, थांबा, कालचे पाचच आहेत.” दोघांनी मिळून 20 हिरवी बोंडं फोडली. अळी एकातच निघाली. त्या दिवशी पंप तसाच ठेवला. पुढे रेषा ओलांडली तेव्हा फवारलं, तेही तोंडाला मास्क अन् हातात मोजे घालून. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कितीतरी शेतकरी-मजूर दगावले. ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना एक टळलेली फवारणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

आणि मे महिन्यातला तो शून्य सावलीचा दिवस, सूर्य अगदी डोक्यावर येतो तो! भर उन्हात सगळी पोरं स्टीलचा ग्लास उपडा ठेवून वाट पाहत बसली होती. सावली नाहीशी झाली तसा एकच गलका. दिल्लीत असं कधीच होत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे, हे आता आमची पाचवीतली पोट्टी पाहुण्यांना सांगतात.

वर्ग बंद पडलेला नाही. बारावीच्या दोघी जणी चालवतात आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी ग्रामपंचायतीनं ठराव घेतलाय. त्या दोघींचा एक प्रश्न आहे. काळ्या मातीला भेगा पडल्या की मातीतला ओलावा मोजायचा सेन्सर उघडा पडतो आणि आकडा एकदम खाली येतो. तो कुठे, किती खोल रोवायचा? रविवारी दहानंतर फोन करा, सगळे तिथेच असतात.

तुमची,
वर्गातल्या एका मुलीची आई