सेन्सरची सूचना दोनदा पुसली, भुर्दंड मला

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ऑक्सिजन सेन्सर (इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) खराब होत असल्याची लक्षणे सांगूनही दुर्लक्ष केल्याबाबत

महोदय,

मी आर्णी तालुक्यातला शेतकरी. २०२३ मध्ये तुमची पेट्रोल गाडी घेतली ती मुख्यतः आईसाठी. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यवतमाळला न्यावे लागते. गाडी अजून वॉरंटीत आहे.

जुलैमध्ये अ‍ॅव्हरेज १९ वरून १५ वर आले. पंप तोच, रस्ता तोच, चालवणारा मीच. सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटे गाडी सुरळीत चालायची, गरम झाली की उभ्या जागी थरथरायची आणि पिकअप घेताना झटके मारायची. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवले तर तव्याच्या बुडाला असते तशी कोरडी काजळी हाताला लागली. मग चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला.

हे सगळे मी तुमच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये तोंडी सांगितले, जॉबकार्डवर लिहूनही घेतले. गाडी दुपारपर्यंत उभी राहिली, मग थंड इंजिनावर आवारातच एक फेरी मारून "ओके" म्हणाले. स्कॅनर लावून दिवा घालवला आणि "तुमच्याकडच्या पेट्रोलमध्ये भेसळ असते" असे ऐकवले. ऑगस्टमध्ये दिवा परत लागला, परत तेच केले. जॉबकार्डवर फक्त "एरर क्लिअर" आहे, बिघाडाचा कोड कोणता ते लिहिलेलेच नाही.

शेवटी आर्णीच्या मिस्त्रीने गाडी दहा किलोमीटर पळवून गरम केली आणि मग स्कॅनर लावला. कोड निघाला पी०१३३, म्हणजे सेन्सर मंदावलाय. त्याने मला स्क्रीनवर दाखवले : कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (सायलेन्सरच्या नळीतला धूर स्वच्छ करणारा भाग) अलीकडच्या या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली व्हायला हवे, ते ०.२ जवळच रेंगाळत होते. त्यामुळे पेट्रोल कमी पडतेय असे समजून गाडीचा कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडत राहिला. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळले आणि तो आतून वितळला. सप्टेंबरमध्ये डायलिसिसहून परतताना रात्री साडेआठला गाडीने ओढच सोडली. आई दीड तास रस्त्याच्या कडेला गाडीत बसून होती. डायलिसिसनंतर तिला मानही धरवत नाही, हे लिहिताना माझा हात थरथरतो.

आता वर्कशॉप म्हणते, कन्व्हर्टर भेसळीमुळे गेला, वॉरंटी लागू नाही. माझ्या गावातल्या दुसऱ्या दोन गाड्या त्याच पंपावर भरतात आणि नीट चालतात. सेन्सर जुलैमध्येच बदलला असता तर कन्व्हर्टर वाचला असता.

माझी मागणी : सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्ही वॉरंटीत बदलून द्यावेत, गाडी ओढून नेण्याचा खर्च द्यावा आणि दोन्ही वेळी पुसलेल्या कोडची नोंद मला लेखी मिळावी. जॉबकार्ड, पेट्रोलच्या पावत्या आणि स्क्रीनचे फोटो सोबत जोडले आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार आहे. तोवर आईला एसटीने न्यावे लागतेय, म्हणून लवकर कळवावे.

आपला,
एक ग्राहक
ता. आर्णी, जि. यवतमाळ