कोणते वायंडिंग जळाले, हे विचारा

संपादक महोदय,

उन्हाळा लागला की विहिरींवरच्या मोटारी जळण्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात आणि दोष बहुधा कमी दाबाच्या विजेला दिला जातो. तो पुष्कळदा खराही असतो. परंतु कमी दाबाने मोटारीत नेमके काय जळते, हे बातमीत नसते आणि मोटार दुरुस्तीला टाकणाराही ‘जळाली, भरून द्या’ एवढेच सांगून परततो. सिंगल फेज मोटारीत तारेची दोन वेटोळी, म्हणजे रनिंग आणि स्टार्टिंग अशी दोन वायंडिंग असतात आणि त्यांतले कोणते गेले यावरून बिघाडाचे कारण बऱ्याच अंशी कळते, म्हणून हे पत्र.

एकट्या रनिंग वायंडिंगला 230 व्होल्ट जोडले, तर त्याचे चुंबकीय क्षेत्र त्याच रेषेत उलटसुलट होत राहते, फिरत नाही. गणिताने पाहता ते विरुद्ध दिशांना फिरणाऱ्या दोन सारख्या क्षेत्रांची बेरीज असते. रोटर (मोटारीचा फिरणारा भाग) थांबलेला असताना ही दोन बळे परस्परांना खोडतात आणि मोटार नुसती घूं घूं करते. कंडेन्सर गेलेला छताचा पंखा काठीने ज्या बाजूला ढकलावा त्या बाजूला फिरू लागतो, तो यामुळेच. हा पहिला रेटा देण्यासाठी स्टार्टिंग वायंडिंग 90 विद्युत अंशांच्या अंतरावर, बहुधा बारीक तारेने भरतात. कंडेन्सरमुळे त्यातला प्रवाह रनिंगमधल्या प्रवाहाच्या आधी कमाल गाठतो आणि क्षेत्र खरोखर फिरू लागते.

कपॅसिटर-स्टार्ट (सुरू होण्यापुरता कंडेन्सर वापरणाऱ्या) मोटारीत हे बारीक तारेचे वायंडिंग काही सेकंदांपुरतेच असते. मोटारीने सुमारे 75 टक्के वेग गाठला की सेंट्रिफ्युगल स्विच (वेगामुळे आपोआप उघडणारा स्विच) त्याची जोडणी तोडतो. आता दाब 230 वरून 180 व्होल्टवर आला असे धरू. सुरुवातीचे बळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने ते जेमतेम 61 टक्के उरते, पाण्याने भरलेला पंप तो वेग गाठू शकत नाही, स्विच उघडत नाही आणि स्टार्टिंग वायंडिंग काळे पडते. स्विचचे पॉइंट चिकटले तरी हेच होते, मग दाब कितीही चांगला असो. उलट कंडेन्सर आतून तुटला (ओपन झाला), तर स्टार्टिंगमधून प्रवाहच जात नाही. अडकलेल्या रोटरचा भलामोठा प्रवाह ओढून रनिंग वायंडिंग जळते. अशा वेळी कंडेन्सर न बदलता मोटार भरून आणली, तर नवे वायंडिंगही तसेच जाणार. (पंख्यात दोन्ही वायंडिंग कायम जोडलेली असतात. धुलाई यंत्राच्या, दोन्ही दिशांना फिरणाऱ्या मोटारीत तर ती एकसारखीच असतात. त्यांना हा हिशोब लागू नाही.)

पंपाच्या मोटारीतून तीन वायरी बाहेर येत असतील, तर वीजपुरवठा व कंडेन्सर सोडवून मल्टिमीटरने तपासता येते. ज्या दोन वायरींमध्ये रोध सर्वांत जास्त, त्यांच्याखेरीज उरलेली वायर कॉमन. तिच्यापासून कमी रोधाची रनिंग आणि जास्त रोधाची स्टार्टिंग. हे काम जाणकाराने करावे, कारण कंडेन्सरमध्ये उरलेला भार चांगला झटका देतो.

रिवायंडिंग करणाऱ्यांनी बिलावर कोणते वायंडिंग जळाले, तारेचे गेज व धातू आणि कंडेन्सरचे मायक्रोफॅरड लिहून द्यावेत, एवढी माझी विनंती आहे. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, त्यामुळे त्याच गेजची ॲल्युमिनियमची तार भरली तर मोटार जास्त तापणारच. काही ठिकाणी जुनी तार सुटावी म्हणून स्टेटर (तार भरलेला स्थिर भाग) थेट आगीत टाकतात. त्याने स्टेटरच्या पत्र्यांमधले इन्सुलेशन जाते आणि मोटार नव्या तारेनिशीही गरम राहते. भरलेल्या तारेचा एक तुकडा ग्राहकाने मागून घ्यावा. इनॅमल (तारेवरचा लेप) खरवडून आणि टोक कापून पाहिले की तांबे नुसते वरवर आहे की आतपर्यंत, ते कळते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
औद्योगिक प्रशिक्षण संस्था